दांडीकाकांचं नाक

आमच्या काकांनी आख्ख्या नोकरीत एकदाही दांडी मारली नाही, तरी सगळी गल्ली त्यांना दांडीकाका म्हणते. कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपावर त्यांची हयात गेली. पंपाच्या जमिनीखाली लोखंडी टाक्या पुरलेल्या असतात, आणि त्यांत किती पेट्रोल उरलंय हे कळायला त्या काळी एकच उपाय होता, लांबलचक दांडी. ती टाकीच्या तोंडातून सरळ खाली सोडायची, तळाला टेकली की वर ओढायची आणि कुठवर ओली झालीय ते बघायचं. काकांच्या मते याला अंगात कला लागते. काकूच्या मते अंगात फक्त उंची लागते, आणि काकांना ती देताना देवाच्या हातातलं बाकीचं सगळं संपलं असावं.

इतर पंपांवर माणसं दांडी हळूच उतरवत. काकांची रीत वेगळी. शेवटचं हातभर अंतर राहिलं की ते दांडी सोडून देत. तळावर आदळून ती ठण् वाजायची. मालक आपल्या काचेच्या खोलीत वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले असत. तो आवाज आला की डोकं वर न काढता ते म्हणत, झालं माप. आवाज आला नाही तर माप झालं नाही, असा सरळ हिशेब. काकांना यात स्वतःचा फार मोठा मान वाटायचा. आपल्या एका ठण् आवाजावर मालकाचा दिवस सुरू होतो, हे ते पाहुण्यांनाही सांगत. पुढे वयामुळे मालकांचे कान मंद होत गेले, तसतसा काकांचा हात वर जाऊ लागला. हातभराचे दोन हात झाले. रोज सकाळी, त्याच तोंडातून, त्याच जागी.

माप थोडं कमीच भरायचं. पण पेट्रोल म्हणजे उघड्यावरचा कापूर, तेव्हा पंपावर कमी भरलेल्या मालाला एकच शब्द ठरलेला होता. 'उडालं.' मालक विचारत, आज किती उडालं, आणि काका सांगत. वर आकाशात गेलं असणार याबद्दल दोघांनाही कधी शंका आली नाही. खाली जाऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पंपाला लागून आत्याची लाँड्री होती, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीची, आणि लाँड्रीच्या पलीकडे मिस्त्रीचं गॅरेज. मिस्त्री हा काकांचा एकुलता एक दोस्त. बाकी गल्ली त्यांना दांडीकाका म्हणायची, हा नुसतं दांडी म्हणायचा. दोघं दुपारी गॅरेजच्या दारात जुन्या टायरवर बसत आणि एकमेकांचा यथेच्छ पाणउतारा करत. तुझ्या टाकीत माल कमी आणि बढाया जास्त, असं हा म्हणायचा. तू उघडलेलं इंजिन परत बंद झालेलं मी पाहिलेलं नाही, असं ते म्हणायचे. काकांची मोपेड बिघडली की मिस्त्री आधी पोटभर हसायचा, मग दुरुस्त करायचा.

आत्याची लाँड्री तिच्या मागच्या अंगणातल्या विहिरीवर चालायची. आत्याबद्दल एवढंच सांगतो की इस्त्री तिच्या हातात असो की तोंडात, चटका सारखाच. एका हॉटेलच्या सगळ्या चादरी तिच्याकडे यायच्या, आणि लाँड्री खरी त्याच्यावरच उभी होती. एक दिवस हॉटेलचा माणूस धुतलेला गठ्ठा तसाच परत घेऊन आला. म्हणाला, गिऱ्हाईक तक्रार करतंय, अंथरुणात सिगारेट पेटवायची भीती वाटते. आत्याने त्याला हसून घालवलं आणि विहिरीतून बादली काढली. पाण्यावर रंगीत साय धरली होती.

संशय कुणावर जाणार हे ठरलेलंच होतं. मिस्त्री इंजिनाचे भाग केरोसीनमध्ये धुवायचा आणि काळं झालेलं डबडं पुष्कळदा गटारात उपडं करायचा. हे त्याने कधी नाकारलं नाही. रस्त्याचा उतारही गॅरेजकडून लाँड्रीकडे होता, म्हणजे काही सिद्ध करायचं राहिलंच नव्हतं. आत्याने मिस्त्रीच्या घरमालकाला बोलावलं. घरमालक धिम्या स्वभावाचा माणूस, तो म्हणाला, आपल्याला यातलं काय कळतं, दांडीकाकांना विचारू.

आणि इथे आमच्या काकांची छाती फुगली. अंगणात सगळी गल्ली गोळा झालेली, मिस्त्रीही हात पुसत येऊन उभा राहिलेला. काकांनी बादलीवर वाकून, डोळे मिटून, अत्तराच्या दुकानात आल्यासारखा दीर्घ श्वास घेतला.

"केरोसीन," ते म्हणाले.

मिस्त्री आधी हसला, रोजचीच थट्टा समजून. मग सगळ्यांचे चेहरे बघून त्याचं हसू गेलं.

"दांडी, परत एकदा हुंग."

"एकदा हुंगलं की हुंगलं. पेट्रोल असतं तर मला कळलं नसतं का?"

मिस्त्री म्हणाला, मग तुझी टाकी तरी एकदा तपासायला सांग मालकाला. हे त्याने म्हणायला नको होतं. काकांच्या नाकाबद्दल कुणी काही बोललं असतं तर त्यांनी एक वेळ ऐकून घेतलं असतं, पण टाकीबद्दल नाही. माझ्या टाकीतून थेंब हलला तर मला झोपेत समजतं, असं ते म्हणाले आणि सगळे हसले. मिस्त्रीकडे बघून हसले. घरमालकाने भाड्याची मुदत पुढे वाढवली नाही. त्याआधीच गिऱ्हाइकं तुटायला लागली होती, कारण विहीर नासवणाऱ्याकडे गाडी कोण देणार. मिस्त्रीने सामान टेम्पोत भरलं त्या दिवशी काका पंपावरच होते. तो निरोप घ्यायला येईल म्हणून ते दुपारपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले, असं काकू सांगते. टेम्पो समोरून गेला. त्याने मान वळवली नाही, आणि काकांनीही हात वर केला नाही.

विहिरीचा वास मात्र गेला नाही. गल्लीने त्याचाही अर्थ लावला, इतकं मुरलंय, जायला वेळ लागेल. आत्याने नळाचं पाणी घेऊन लाँड्री कशीबशी चालू ठेवली. हॉटेल गेलं ते गेलंच. गॅरेजच्या जागी चष्म्यांचं दुकान आलं. मिस्त्रीचं नाव निघालं की आत्या तोंडातली इस्त्री तापवायची, आणि काका मान डोलवायचे. पण दुपारी ते कुणाबरोबर बसायचे नाहीत. चष्म्याच्या दुकानापुढे टायर नाही, हेच खरं कारण, असं ते सांगायचे.

मालक वारले, पोरांनी पंप बंद केला, जमीन विकली. घेणाऱ्याला तिथे दवाखाना बांधायचा होता, आणि बांधायच्या आधी खालची माती आणि पाणी तपासून घेणं भाग होतं. त्यासाठी एक बाई आल्या. सोबत दोन माणसं आणि जमिनीत बारीक भोकं पाडायचं यंत्र. गल्लीने त्यांचं नाव मातीवाल्या बाई ठेवलं. काका तोवर निवृत्त झालेले. त्यांनी घरातली खुर्ची उचलून पंपाच्या आवारात नेली आणि स्वतःची सल्लागार म्हणून नेमणूक करून घेतली.

त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, कारण मला ते रोज ऐकवत. एकदा त्या बाईंनी तोंडाने सांगितलं, की हे केरोसीनच आहे, की झालं. वरवर ते हे विजयाच्या सुरात बोलत. पण ज्याला स्वतःची खात्री आहे तो माणूस दुसऱ्याच्या शिक्क्याची इतकी वाट बघत नाही, एवढं मला शाळेतल्या मास्तरांनी न शिकवताही कळत होतं.

बाई आवारात, लाँड्रीच्या अंगणात आणि चष्म्याच्या दुकानामागे भोकं पाडत. निघालेली माती काचेच्या बरणीत घट्ट बंद करून बर्फाच्या पेटीत ठेवत. काही भोकांत त्यांनी नळ्या उभ्या केल्या आणि आत फीत सोडून खालच्या पाण्याची पातळी मोजली. काका म्हणाले, मॅडम, एवढी यातायात कशाला, मी हुंगून सांगतो. बाई हसून म्हणाल्या, काका, आम्हाला नाकाला लावायची मनाई आहे, अंगाला बाधतं. हे काकांना नवीनच होतं. त्यांनी तो बाई नाजूक असल्याचा पुरावा धरला.

तपासणीचं उत्तर आलं तेव्हा बाईंनी ते आत्याच्या अंगणातच उभ्या उभ्या सांगितलं. पाण्यात केरोसीन नाही. पेट्रोल आहे, आणि तेही जुनं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालत, ते मिस्त्री गल्लीत यायच्या आधीच बंद झालं होतं. विहिरीशेजारच्या मातीत ते शिसं सापडलं. म्हणजे मिस्त्रीने गॅरेज टाकलं त्याच्याही आधीपासून हे झिरपत होतं. आणि जमिनीखालचं पाणी गॅरेजकडून विहिरीकडे येतच नव्हतं. ते पंपाकडून विहिरीकडे आणि विहिरीकडून गॅरेजकडे जात होतं.

काकांनी वाद घातला. रस्त्याचा उतार तर उलटा आहे, आणि उतार पाण्याला कळतो, जमिनीखाली गेलं म्हणून काय विसरतं का, असं म्हणाले. बाईंनी काडीने मातीत रेघा ओढून दाखवलं, की वरचा उतार भरावाचा आहे, रस्ता करताना टाकलेला. खालचा खडक दुसरीकडे कललाय, आणि पाणी खडकाचं ऐकतं. आत्याने एवढंच विचारलं, म्हणजे टाकी? बाई म्हणाल्या, टाकी वर काढली की कळेल.

काका त्या संध्याकाळी म्हणाले, काढू देत. गंजली असेल इतक्या वर्षांत बंद पडून. माझ्या वेळी ठणठणीत होती.

टाकी क्रेनने वर आली, धुतली गेली, तिची एक बाजू कापून उघडली. बाईंनी आत बॅटरी मारली आणि काकांनाच हाक मारली, तुम्हाला यातलं माहिती आहे, जरा बघा म्हणून. काका मोठ्या रुबाबात वाकले. तळाचा बाकीचा पत्रा तांबूस झाला होता, पण धड होता. फक्त एका जागी, टाकीच्या तोंडाच्या बरोब्बर खाली, वाटीसारखा खळगा पडला होता आणि खळग्याच्या मध्ये शर्टाच्या बटणाएवढं भोक.

बाई आपल्या सहज सांगत होत्या. जुन्या टाक्यांत हे पुष्कळदा दिसतं. मापाची दांडी रोज एकाच जागी आदळते, पत्रा झिजतो, झिजला की तिथेच गंज धरतो. नंतरनंतर लोक त्या जागी जाड पत्र्याचा तुकडा बसवायला लागले.

"आणि दांडी हळू सोडली तर?" काकांनी विचारलं.

"तर मग बराच वेळ लागतो. कदाचित भोक पडतही नाही."

काकांनी हात आत घालून त्या भोकावर बोट ठेवलं. शेंडा पलीकडे गेला. बाईंनी विचारलं, इथे माप कोण घ्यायचं? काका म्हणाले, मी. मग बाई गडबडून बरंच काही बोलल्या, तुमचा काय दोष, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. ते सगळं खरं होतं. काकांनी ते सगळं ऐकलं, खुर्ची उचलली आणि घरी आले.

जेवताना ते म्हणाले, माझं बोट गेलं गं त्यातून. काकूने भाजी वाढली. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःशीच विचारल्यासारखं विचारलं, टाकीचं जाऊ दे, पण पाण्यात पेट्रोल होतं तर मला वास कसा आला नाही.

काकू म्हणाली, "इतकी वर्षं तुमचे शर्ट मी वेगळ्या बादलीत भिजवते. सगळ्या घराला वास येतो. तुम्ही मात्र विचारता, कसला वास?"

"मग त्या दिवशी मला कसला आला?"

"साबणाचा आला असेल. लाँड्रीच ती."

ती नेहमीसारखी टोमणा मारायला गेली होती, पण मध्येच तिचा आवाज उतरला. काकांनी विचारलं, तेव्हा का नाही बोललीस? ती म्हणाली, तेव्हा तुम्ही विचारलंत कुणाला? काकांचं ताट तसंच राहिलं. काकूने ते उचललंही नाही आणि त्यांना जेवा असंही म्हणाली नाही.

यापुढे गप्प बसणं काकांना सहज जमलं असतं. बाई सामान आवरून गेल्या होत्या. गल्लीला एवढंच कळलं होतं, की टाकी काढली आणि ती गळकी होती. जुनी टाकी गळणारच, त्यात काय. मिस्त्रीने केरोसीन ओतलं आणि टाकीही गळत होती, अशी दोन्ही मतं लोकांनी एकाच डोक्यात आरामात ठेवली. आत्याही. केरोसीनचं मत तिथून ओढून काढायचं तर ते ज्याने ठेवलं त्याचाच हात लागणार होता.

मिस्त्री शहराच्या दुसऱ्या टोकाला बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करत होता. स्वतःचं गॅरेज त्याने पुन्हा टाकलं नाही. मी काकांना स्कूटरवर घेऊन गेलो. वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं लांब छप्पर, खाली खड्डे, खड्ड्यांवर बसगाड्या, आणि मिस्त्री एका खड्ड्यात उभा. वरून आधी त्याचं टक्कल दिसलं. काका कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाई, खडक, शिसं, खळगा, भोक. मालकाला ऐकू जावं म्हणून आपण दांडी कशी आदळायचो तेही. मिस्त्रीचा पाना चालूच होता.

"केवढं होतं भोक?" त्याने विचारलं.

काकांनी बोटांनी दाखवलं.

"एवढंसं?" तो म्हणाला. पुढे काही हसला वगैरे नाही.

काका म्हणाले, चुकलं माझं. मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि पहिल्यांदा वर बघितलं.

"हे मला सांगायला एवढ्या लांब आलास, दांडी? मी ओतलं नाही हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग की."

काका मग गल्लीत सांगत सुटले. आधी आत्याकडे. आत्याने सगळं ऐकलं आणि इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, माझं हॉटेल गेलं त्याला तू कारण, आणि मिस्त्रीची बायको तेव्हा विनवायला आली, तिला मी दारातून हाकललं, त्यालाही तूच. काका हो म्हणाले. ती म्हणाली, तरी पण तो डबडी ओततच होता ना? पुढच्या वेळी काका गेले तेव्हा तिने हाच प्रश्न परत विचारला, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. ते एक डबडं तिने हातातून सोडलं नाही. सोडलं असतं तर तिला फार मोठं काहीतरी उचलावं लागलं असतं.

बाकीच्यांची तऱ्हा आणखी वेगळी. वाणी म्हणाला, जाऊ द्या हो, किती जुनी गोष्ट. शिंप्याने चहा दिला आणि विषय बदलला. घरमालकाने तर शांतपणे सगळं ऐकून काकांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, तुमचं मन फार मोठं, दोस्तासाठी स्वतःच्या अंगावर घेताय. काकांनी सांगितलं, अहो, यंत्रावर तपासलंय, शिसं सापडलंय. घरमालक म्हणाला, यंत्र चुकतं, तुमचं नाक तेव्हा चुकलं नव्हतं, मी स्वतः बघत होतो.

काकांची पंचाईत अशी झाली. ते खोटं बोलत नव्हते तरी चुकीचं बोलले होते, तेव्हा त्यांच्या एका शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. आता खरं दारोदार सांगत होते तर लोक त्यांना भला माणूस म्हणत होते. गल्लीत त्यांचा मान वाढला. काकूने हे ऐकून कपाळाला हात लावला. काका मात्र त्या मानाने खचत चालले. कुणी शिवी घातली असती तर त्यांना जेवण गेलं असतं, असं मला वाटतं.

अजूनही रविवारी मी त्यांना वर्कशॉपवर नेतो. मिस्त्री बोलावत नाही आणि येऊ नको असंही म्हणत नाही. तो खड्ड्यात, काका कडेला. मिस्त्री विचारतो, या आठवड्यात कुणाला सांगितलंस? काका नावं घेतात. परवा त्याने वेगळं विचारलं.

"कुणी विश्वास ठेवला का?"

काका म्हणाले, "एकाने ठेवला. तुझ्या जागेत चष्म्याचं दुकान आहे ना, तो. म्हणाला, वाईट झालं बिचाऱ्याचं."

"तो ओळखतो मला?"

"नाही. तू गेल्यावर आला तो."

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाला आणि गाडीखाली सरकला.

आम्ही परत निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा काका मागून म्हणाले, घरमालकाच्या घरावरून घे. मी म्हटलं, काका, त्यांना मागच्या आठवड्यातच तर सांगून झालं, आणि त्याच्या आधीही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकवला. हल्ली गाडीवर बसताना त्यांना आधार लागतो.

"असू दे," ते म्हणाले. "परत सांगू."